मऊ पडलेल्या बर्फावर मीठ: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मागच्या अंकातल्या हिवाळी खेळांवरच्या लेखात एक वाक्य होतं: उन्हानं मऊ पडलेला स्कीचा उतार मीठ टाकून घट्ट करतात. त्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली. त्यातले निवडक प्रश्न आणि उत्तरं इथे देत आहोत.

लहानपणी घरी पॉट आइस्क्रीम करताना आम्ही बर्फात खडे मीठ टाकायचो, की बर्फ भराभर वितळायचा. परदेशात रस्त्यावरचा बर्फ घालवायलाही मीठच टाकतात. मग तेच मीठ स्कीच्या उतारावर बर्फ घट्ट कसा करतं? — एक वाचक, ठाणे

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या आइस्क्रीमच्या पॉटमध्येच आहे. लाकडी बादलीत बर्फ आणि खडे मीठ असतं, मधल्या डब्यात दूध. बादलीतला बर्फ वितळत जातो आणि डब्यातलं दूध गोठत जातं. मीठ काही थंडी निर्माण करत नाही. मिठामुळे बर्फाला शून्याच्या खालीही वितळावं लागतं, आणि वितळायला लागणारी उष्णता तो शेजारून, म्हणजे दुधातून, ओढून घेतो.

उतारावर दूध नसतं, पण दुधाच्या जागी पाणी असतं. उन्हानं मऊ पडलेला बर्फ म्हणजे बर्फाचे गोल रवे आणि त्यांच्यामध्ये अडकलेलं शून्य अंशाचं पाणी. मिठाचा खडा तिथे पडला की त्याच्या भोवतीचे रवे वितळून खारं पाणी तयार होतं. एक किलो बर्फ वितळायला 334 किलोज्यूल उष्णता लागते. ती आजूबाजूच्या ओल्या बर्फातून येते आणि तिथलं बिनमिठाचं पाणी गोठतं. ढोबळ हिशेबात, मिठानं 100 ग्रॅम बर्फ वितळवला, तर शेजारचं जवळपास तेवढंच पाणी गोठू शकतं. गोठताना ते दोन रव्यांच्या सांध्यात गोठतं, म्हणून रवे एकमेकांना पक्के चिकटतात. बर्फ घट्ट होतो तो या सांध्यांमुळे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. यात एकूण पाणी कमी होत नाही, त्याची फक्त जागा बदलते. खारं पाणी जड असतं, ते रव्यांमधून खाली झिरपतं. गोडं पाणी वरच्या थरात गोठून राहतं. म्हणून खाली निचरा होत नसेल, तर मीठ टाकून नुसता खारट चिखल होतो. आणि बर्फात मोकळं पाणीच नसेल, म्हणजे तो कोरडा आणि थंड असेल, तर गोठायला काहीच नसतं. तिथे मीठ फक्त वितळवतं. परदेशातल्या रस्त्यावर नेमकं हेच हवं असतं, म्हणून तिथे त्याच मिठाचा उलटा उपयोग दिसतो.

मीठ-पाण्याचं मिश्रण जास्तीत जास्त उणे 21 अंश सेल्सिअसपर्यंत द्रव राहू शकतं, तेही पाण्यात 23 टक्के मीठ असेल तर. उतारावर त्याच्या जवळपासही जायचं नसतं. 20 ग्रॅम मीठ अर्धा लिटर पाण्यात विरघळवलं तर ते पाणी उणे सव्वादोन अंशांच्या आसपास गोठतं. उतारावर साधण्याजोगा फरक एवढ्याच एक-दोन अंशांचा असतो, आणि तो पुरतो.

मी ज्युरिकजवळ राहते. माझी मुलगी स्थानिक स्की क्लबमध्ये आहे आणि एप्रिलमध्ये मुलांची स्लॅलम शर्यत (रोवलेल्या खांबांच्या, म्हणजे गेटच्या, मधून वळत उतरण्याची) आहे. मीठ टाकणाऱ्या स्वयंसेवकांत माझं नाव आहे. किती, कधी, कसं टाकायचं? काय चुकू शकतं? — एक वाचक, स्वित्झर्लंड

शर्यतीचा निर्णय तुमचे कोर्सप्रमुख, म्हणजे शर्यतीचा मार्ग (कोर्स) सांभाळणारे, घेतील, पण त्या निर्णयामागचं गणित स्वयंसेवकालाही माहीत हवं.

सगळ्यात आधी बर्फ हातात घ्या. हातमोज्यासकट मूठभर बर्फ दाबा. गोळा होतच नसेल तर बर्फ कोरडा आहे, मिठाची पिशवी उघडायचीच नाही. गोळा होतो, पण दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातूनही पाणी दिसत नाही, तर तो फक्त दमट आहे. तरीही थांबा. भिंगातून रव्यांच्या सांध्यात पाणी दिसतं, पण दाबून निघत नाही, म्हणजे बर्फात पाण्याचं प्रमाण 3 ते 8 टक्के आहे. मीठ इथे काम करतं. हलकं दाबल्यावर पाणी ठिबकलं तर 8 ते 15 टक्के. इथेही मीठ काम करतं, पण निचरा चांगला असेल तरच. त्याच्या पुढे पाणचट लगदा असतो. त्यावर कितीही मीठ ओतलं तरी उपयोग नाही.

मग हवा पाहा. नुसतं तापमान पाहून फसायला होतं, दमटपणाही पाहायला हवा. तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून तो वाऱ्यात धरा. तीन हजार मीटर उंचीवर हवा 4 अंश आणि आर्द्रता 40 टक्के असेल, तर ओल्या फडक्याचा पारा शून्याच्या खाली, उणे एकच्या आसपास जातो. त्याच 4 अंशांना आर्द्रता 90 टक्के असेल, तर पारा 3 अंशांवरच अडतो. पहिल्या हवेत बर्फाच्या पृष्ठभागावरून बाष्प उडतं आणि उडताना भरपूर उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाणी उडालं तर साडेसात ग्रॅम पाणी गोठेल एवढी. अशा कोरड्या, मोकळ्या आकाशाच्या दिवशी मिठाला हवेची साथ मिळते. धुकं, पाऊस, दमट वारा असेल तर परिणाम तुटपुंजा होतो, आणि पाऊस मीठ धुऊनच नेतो.

आता चाचणी. कोर्सच्या कडेला, तसंच ऊन लागणाऱ्या जागी, 2 मीटर बाय 2 मीटरचा तुकडा आखा. त्यावर 60 ग्रॅम मीठ टाका. म्हणजे चौरस मीटरला 15 ग्रॅम झालं. पंधरा मिनिटांनी स्कीच्या काठीचं टोक रोवून पाहा. शेजारच्या बिनमिठाच्या बर्फात ते भसकन जातं आणि इथे खट् आवाज येऊन अडतं, तर मीठ धरलं. अर्ध्या तासानंतरही फरक नसेल तर त्या दिवशी मीठ नको. ही चाचणी न करता थेट कोर्सवर मीठ टाकणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, कारण टाकलेलं मीठ परत काढता येत नाही.

प्रमाणाचा हिशेब असा. कोर्स 350 मीटर लांब आणि वापरातली रुंदी 6 मीटर धरली, तर 2,100 चौरस मीटर होतात. 15 ग्रॅमनं साडेएकतीस किलो मीठ लागेल. दुसऱ्या फेरीआधी पुन्हा हलका हात मारावा लागू शकतो, म्हणून 25 किलोच्या तीन पिशव्या वर नेऊन ठेवा. पहिल्याच वेळी दुप्पट टाकण्याचा मोह आवरा. कमी पडलं तर आणखी टाकता येतं.

मिठाचा खडा किती जाड, यावर वेग आणि टिकाऊपणा ठरतो. स्वयंपाकघरातल्यासारखं बारीक मीठ दहा-पंधरा मिनिटांत पकडतं, पण वरच्या पातळ थरातच काम करून लवकर संपतं. पाच मिलिमीटरच्या आसपासचा खडा हळू विरघळत खोल जातो. त्याला जास्त वेळ लागतो, पण परिणाम कित्येक तास टिकतो. पन्नास-साठ मुलांची दोन फेऱ्यांची शर्यत असेल तर जाड खडा मुख्य आणि शर्यत सुरू होताना थोडं बारीक, असं मिश्रण सोयीचं. जाड मीठ सुमारे तासभर आधी, बारीक पंधरा-वीस मिनिटं आधी.

मीठ फेकण्याची सवय आधी करून घ्या. जमिनीवर 1 मीटर बाय 1 मीटरचं प्लास्टिक अंथरा, त्यावर फेका, पडलेलं गोळा करून तोला. जाड मिठाची भरलेली मूठ बहुतेकांची 50 ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे एक मूठ तीन-साडेतीन चौरस मीटरवर उडाली पाहिजे. शेतात बी फोकून पेरतात तसा हात कमरेजवळून पसरत न्यायचा. चौघेजण बादलीत प्रत्येकी आठ-दहा किलो मीठ घेऊन, स्की आडव्या धरून, वरून खाली घसरत येतात. दोघं कोर्सच्या डाव्या अर्ध्यात, दोघं उजव्या अर्ध्यात. बोटांना चिरा असतील तर रबरी मोजे घाला आणि वारा असेल तर चष्मा लावा. मीठ मुठीतून ढेकळासारखं पडलं तर त्या जागी खड्डा पडतो, आणि त्यात स्कीचं टोक अडकतं. ढेकूळ दिसलं की लगेच स्कीनं फिसकटून टाका.

मीठ टाकल्यावर पुन्हा सगळा कोर्स आडव्या स्कीनं हलकेच घसरवून घ्यायचा. मीठ थोडं आत बसतं, मोकळा रवा बाहेर जातो. मात्र एकदा घट्ट व्हायला लागल्यावर बर्फ दाबण्याचं यंत्र वरून फिरवू नका. त्याचे फिरते दात नुकतेच धरलेले सांधे तोडतात आणि सगळा खटाटोप वाया जातो.

मुलांच्या सुरक्षिततेची एक गोष्ट पुन्हा पुन्हा तपासा. घट्ट आणि मऊ यांची सीमा कुठल्याही वळणाच्या मध्यात येता कामा नये. मुलगी घट्ट बर्फावर स्कीच्या कडेवर वाकलेली असताना पुढच्या क्षणी मऊ बर्फ आला, तर स्की रुतते आणि गुडघा पिरगळतो. म्हणून मीठ पहिल्या गेटच्या आधीपासून शेवटच्या गेटच्या पुढे, थांबण्याच्या जागेपर्यंत पोचवा. झाडाच्या सावलीत सकाळी दहालाही बर्फ रात्रीइतकाच कडक असतो. तिथे मीठ टाकलं तर उलट तोच भाग बिघडतो. तिथली सीमा वळणात येत असेल तर मीठ मारण्यापेक्षा गेट सरकवणं बरं. मीठ मारलेला कोर्स अचानक वेगवान होतो. सुरुवातीला थांबलेल्या प्रत्येक मुलाला हे सांगितलं गेलं पाहिजे, आणि शक्य असेल तर मीठ धरल्यानंतर सगळ्यांना कोर्स पाहायला द्यावा.

दर दहा-पंधरा स्पर्धकांनंतर दोघांनी घसरत जाऊन गेटभोवतीचा सुटलेला रवा बाजूला काढायचा. तो साठला की चर पडतात, आणि चर पडले की खालचा मऊ थर उघडा पडतो.

आणि दुसऱ्या दिवशी शर्यत असेल तर आधीच विचार करा. मीठ मारलेला उतार संध्याकाळी आधीपेक्षा जास्त सैल, साखरेसारखा सुटा होतो. रात्री आकाश निरभ्र असेल तर तो काचेसारखा गोठतो, ढगाळ असेल तर सकाळीही ढिलाच राहतो. शर्यत सकाळी आठला सुरू करून मीठ टाळता येत असेल, तर आमचा कौल लवकर उठण्याला आहे.

आमच्या गिर्यारोहण संस्थेची मुलं मार्चमध्ये गुलमर्गला स्कीइंग शिकायला जाणार आहेत. अकरानंतर बर्फ मऊ पडतो असं ऐकलं. सोबत मिठाची गोणी न्यावी का? — एक वाचक, पुणे

नेऊ नका. शिकणाऱ्याला मऊ बर्फ बरा असतो. पडलं तर लागत नाही, वेग आटोक्यात राहतो. मीठ हे शर्यतीच्या काही तासांसाठीचं साधन आहे, जिथे पहिल्या आणि पन्नासाव्या स्पर्धकाला सारखा उतार मिळावा लागतो. शिवाय उतार तुमच्या मालकीचा नाही. तिथे काय टाकायचं हे उतार सांभाळणाऱ्यांनी ठरवायचं, आणि वितळलेलं पाणी खालच्या नाल्यांतून वस्तीकडे जातं.

मुलांना सकाळच्या सत्रात वर न्या, दुपारी उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर सरका, आणि स्कीला ओल्या बर्फासाठीचं मेण लावा. एवढ्यानं बरंच साधतं.

बर्फ कमी असणं आणि बर्फ मऊ असणं या मात्र वेगळ्या अडचणी आहेत. 2025 मध्ये गुलमर्गच्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा पुरेशा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. तिथे मिठाचा काही उपयोग नव्हता. गवतावर जेमतेम वीतभर थर असताना मीठ टाकलं तर तो थर आणखी लवकर जातो.

सोची ऑलिंपिकमध्ये मीठ विमानानं मागवलं होतं म्हणे. रशियात मीठ नव्हतं? — एक वाचक, कोल्हापूर

मीठ होतं, हवं तसं नव्हतं. फेब्रुवारी 2014 मध्ये सोचीजवळच्या डोंगरांत हवा उबदार होती आणि शर्यतींचे उतार व स्नोबोर्डचा हाफपाइप (अर्ध्या नळीच्या आकाराची बर्फाची घळ) मऊ पडू लागले. स्वित्झर्लंडचे माजी स्कीपटू आणि बर्फ-मिठाचे जाणकार हान्स पीरेन तिथे सल्लागार होते. बारीक मीठ वरवरचं काम करतं, खोलवर आणि टिकाऊ घट्टपणासाठी जाड खडा लागतो, हा मुद्दा तिथे कळीचा ठरला. स्पर्धा सुरू असताना वीस टनांहून जास्त जाड मीठ स्वित्झर्लंडहून तातडीनं विमानानं आलं. वर जाड आणि बारीक मिठातला जो फरक सांगितला, त्याला याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही.

मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी आहे. सोडियम क्लोराइडच का? कॅल्शियम क्लोराइड, युरिया किंवा अमोनियम नायट्रेट का नाही? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

कॅल्शियम क्लोराइड पाण्यात विरघळताना उष्णता सोडतं. निर्जल रूपात ग्रॅममागे सातशेहून जास्त ज्यूल. बर्फ वितळवायला हे उत्तम, घट्ट करायला नुकसानकारक. साधं मीठ विरघळताना उष्णता घेतं, पण अगदी किरकोळ, ग्रॅममागे 66 ज्यूल. त्याचा खरा जोर गोठणबिंदू उतरवण्यात आहे, विरघळण्यात नाही. अमोनियम नायट्रेट ग्रॅममागे 320 ज्यूलच्या आसपास घेतं, युरिया अडीचशेच्या आसपास. म्हणून दोन्ही झटकन पकडतात. उतारांवर ती वापरलीही गेली आहेत.

तरी आमचं मत साध्या मिठाच्या बाजूनं आहे. युरियाचा रेणू पाण्यात फुटत नाही, मिठाचे दोन आयन होतात. त्यामुळे वजनाला वजन घेतलं तर गोठणबिंदू उतरवण्यात युरिया मिठाच्या जवळपास निम्माच ठरतो. अमोनियम नायट्रेटवर तर स्फोटकांचे निर्बंध आहेत. भारतात 2012 च्या नियमांनुसार 45 टक्क्यांहून जास्त अमोनियम नायट्रेट असलेलं मिश्रण परवान्याशिवाय हाताळता येत नाही. आणि दोन्ही खतं आहेत. डोंगरातल्या ओढ्यात नायट्रोजन उतरला की शेवाळ माजतं.

आपल्याकडच्या मिठागरातल्या खडे मिठाबद्दलही तुम्ही विचारलं आहे. रसायन म्हणून ते चालेल. पण त्यात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असतो, तो हवेतली ओल ओढतो आणि मिठाची ढेकळं होतात. वापरायचंच तर उन्हात खडखडीत वाळवून चाळून घ्यावं लागेल.

एवढं मीठ शेवटी जातं कुठे? डोंगराचं, पाण्याचं काय? — एक वाचक, नाशिक

सगळं खाली जातं. एक कणही बर्फात कायमचा राहत नाही. एक किलो मिठात साधारण 600 ग्रॅम क्लोराइड असतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम आहे. म्हणजे एक किलो मीठ त्या मर्यादेखाली आणायला सुमारे 2,400 लिटर गोडं पाणी लागतं. वरच्या मुलांच्या शर्यतीतल्या तीन पिशव्यांना एक लाख ऐंशी हजार लिटर. वितळणाऱ्या डोंगरावर एवढं पाणी सहज असतं, म्हणून वर्षातून एखाद्या शर्यतीचं मीठ बहुधा पचून जातं.

रोजचं मीठ ही वेगळी गोष्ट आहे. अमेरिकेत ओरेगॉन राज्यात माउंट हूडच्या पामर हिमक्षेत्रावर उन्हाळ्यातही स्कीइंगची प्रशिक्षणं चालतात. तिथे भर उन्हाळ्यात उतार टिकवायला नियमित मीठ लागतं, म्हणून खालच्या प्रवाहांतल्या क्लोराइडची मोजणी करत राहावी लागते. अशी मोजणी जिथे होत नाही, तिथे रोज मीठ टाकू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. झरा, विहीर किंवा पाणीपुरवठ्याची टाकी उताराच्या लगेच खाली असेल तर एका दिवसासाठीही नाही. उरलेल्या पिशव्या वर टाकून येऊ नका. फाटलेल्या पिशवीखालचं गवत पुढच्या मोसमात उगवत नाही.

टोरंटोत आम्ही मीठ मारलेल्या कोर्सवर सराव करतो. स्कीच्या कडा दोन दिवसांत गंजतात. उपाय? — एक वाचक, कॅनडा

गाडीत ठेवण्याआधीच स्की गोड्या पाण्यानं धुवा, फक्त खालची बाजू नाही, बाइंडिंगही (बूट स्कीला पकडून ठेवणारा भाग). मात्र पाण्याचा जोरदार फवारा बाइंडिंगच्या आत मारू नका, आतलं वंगण निघून जातं. फडक्यानं कोरडं करा आणि दोन स्की एकमेकींना चिकटवून, पट्टा बांधून ओल्या पिशवीत ठेवू नका. दोन्ही कडांच्या मध्ये खारं पाणी अडकतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. लाल डाग आलेच तर गंज काढायच्या रबरानं कडेच्या लांबीच्या दिशेनं घासा, मग कडा घासायच्या बारीक हिऱ्याच्या दगडानं दोन-तीन हात फिरवा. मोसम संपताना कडांसकट मेणाचा जाड थर लावून तो न खरवडता तसाच ठेवा. पुढच्या डिसेंबरात पहिल्या दिवशी खरवडायचा.